आईची ओवी आणि माझा टेपरेकॉर्डर



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज गाण्याविषयी बोलणार आहे. विषय आमच्या खात्याबाहेरचा वाटेल. पण शेवटी एक काम सांगणार आहे, आणि ते पेरणीसारखेच वेळेवर करायचे आहे.

मी लहान असताना आमच्या घरी पहाटे चारला जाते सुरू होई. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला चुलती. एकीने वैरण घालायची, दुसरीने ओवी उचलायची. पहिली ओवी देवाची, मग माहेरची, भावाची, पंढरीच्या वाटेची. मी गोधडीत पडून झोपमोड झाली म्हणून कुरकुरत असे.

पुढे कृषी महाविद्यालयात गेलो. खानावळीच्या पैशांत काटकसर करून टेपरेकॉर्डर घेतला. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ हा चित्रपट आला आणि त्याच्या गाण्यांनी आम्हा पोरांना वेड लावले. सुट्टीत घरी आलो, की तीच कॅसेट मोठ्याने लावायची. गावात गिरणी होती, तरी आई डाळ जात्यावरच भरडायची आणि गायची. एकदा मी म्हणालो, “आई, ते रडगाणे बंद कर गं, मला गाणे ऐकू येत नाही.” ती काही बोलली नाही. जाते फिरत राहिले, ओवी थांबली.

नोकरी लागली, गावोगाव फिरणे सुरू झाले. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि आमची जीप दोन तास अडकली. चालकाने पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट लावली. ‘हे म्हाताऱ्यांचे’ म्हणून मी नाक मुरडले, पण पाणी ओसरले तेव्हा मीच म्हणालो, “एवढे संपू दे, मग निघू.” हा गवई कर्नाटकातल्या गदगचा, घरची भाषा कन्नड, आणि आपल्या तुकोबांना त्याने असे गायिले! तेव्हापासून गावात सभेला गेलो, की आधी देवळातल्या भजनाला बसू लागलो.

मग कुमार गंधर्व ऐकले. सुरुवातीला समजले नाहीत. त्यांची हकीकत वाचली तेव्हा थांबलो. क्षयाच्या आजाराने १९४८ साली ते मध्य प्रदेशात देवासला राहायला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातली लोकगीते ऐकत. पुढे त्या धुनांमधून त्यांनी नवे राग बांधले.

बंधूंनो, ते वाचून मला माझीच लाज वाटली. एवढा मोठा गवई ज्या गाण्यापुढे शिष्य होऊन बसला, तसलेच गाणे माझ्या घरात होते, आणि मी त्याला रडगाणे म्हटले होते.

२००९ च्या दिवाळीत आईला म्हणालो, “आई, ओवी म्हण की.” ती हसली. “रडगाणं ऐकायचंय व्हय रं?” वीस वर्षांत ती तो शब्द विसरली नव्हती. मग म्हणाली, “जात्याबिगर कशी आठवंल?” परसातले जाते धुऊन आणले, मूठभर ज्वारी घातली. खुंट्याला हात लागला आणि ओव्या आपोआप येऊ लागल्या. चौदा ओव्या मी डायरीत उतरवल्या. टेप पुढच्या खेपेला आणू, असे ठरवले. त्याच थंडीत आई गेली.

डायरीत शब्द आहेत, चाल नाही. पेटीत चार डझन कॅसेटी आहेत. त्यांत तिचा आवाज नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या संग्रहात त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असे नाही. ती तुम्हीच राखायची.

आज घरोघरी मोबाईल आहे. आजीला विचारा, तिची राजीखुशी घ्या. शक्य तर जाते मांडा. ती गात असताना मध्ये बोलू नका, चुकली तरी दुरुस्त करू नका. आधी तिचे नाव, माहेर आणि तारीख बोलून घ्या. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी ठेवा; एक मोबाईल बिघडला तर दुसरा असावा.

आणि पोरांनी वरातीतली गाणी मोठ्याने लावली, तर फार रागावू नका. माझी १९८८ सालची कॅसेट मला अजूनही आवडते. आवड वाढत जाते, तिला वेळ लागतो. माणसे मात्र तेवढा वेळ थांबत नाहीत. म्हणून हे काम या आठवड्यातच करा.