सुतार पक्ष्याची न्याहारी

आमच्या मौद्याच्या घरामागे, सांदवाडीत, एक जुना आंबा आहे. त्याची एक फांदी दोन वर्षांपासून वाळलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या झाडाखाली मातीच्या परळात तांदळाच्या कण्या ठेवू लागलो. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या. पण सोनपाठी सुतार पक्षी परळाकडे ढुंकूनही न पाहता थेट वाळक्या फांदीवर जाऊन बसे. त्याचे ताट तिथे वाढलेले होते!

सोनेरी पाठ आणि तांबडा तुरा असलेला हा पक्षी उभ्या खोडावर सरसर चढतो. त्याची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. ताठ शेपटीचा तो टेकू घेतो. ठिकठिकाणी ठोकून पाहतो, साल उडवतो आणि लांब, चिकट जिभेने मुंग्या व अळ्या बाहेर ओढतो. या जिभेला आधार देणारी हाडे कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात.

एवढे ठोकून त्याचे डोके कसे दुखत नाही? कवटी गादीसारखा धक्का झेलते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु २०२२ साली बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिवेगवान चित्रफितींवरून दाखवले, की त्याचे डोके ताठ हातोडीसारखेच काम करते. मेंदू लहान असल्यामुळे तो धक्का त्याला सोसतो.

बाबांना मात्र ही ठकठक पटेना. "हे पाखरूच झाडाले पोकरते. फांदी तोडू, सरपण तरी होईन," ते म्हणाले. मी पुस्तकातले सांगू लागलो, तर ते हसले. शेवटी मी खाली पडलेला एक वाळका तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो कुऱ्हाडीने चिरला. आत भुसा भरलेली भोके आणि एक पांढरी अळी निघाली. बाबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. पण धानावरचा खोडकिडा त्यांनी जन्मभर पाहिला आहे. अळी निरखून ते म्हणाले, "म्हणजे कीड आधी, पाखरू मागून."

कौलांवर झुकलेला शेंडा तेवढा त्यांनी तोडला. बुडखा राहू दिला. या वर्षी परीक्षेचा अभ्यास मी त्याच ठकठकीच्या सोबतीने केला. वाचकहो, आपल्या परसातले वाळके खोड तोडण्यापूर्वी एक सकाळ त्याच्यासमोर बसून पाहा.