एक मोठ्ठी खिडकी

बोरीवलीत एखाद्या घराचं रंगकाम निघालं, की माळ्यावरचे दिवाळी अंकांचे बांधीव खंड खाली येतात. दोन खोल्यांत त्यांना पुन्हा जागा मिळत नाही आणि बहुतेकांचा शेवट रद्दीवाल्याच्या काट्यावर होतो. व्यंगचित्रांचा जाडजूड खंड असेल, तर त्याचा झाकणवाला डबा करता येतो: किल्ल्या, चष्मा, विजेची बिलं ठेवायला.

पुस्तकाला कटर लावायचा म्हटलं की मराठी माणूस दचकतो. पण मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने, १९५१ साली सुरू झालेल्या त्या दिवाळी अंकाने, पान कापूनच तर हसवलं. पानाला खिडकी, खिडकीतून मागच्या चित्राचा नेमका तेवढाच तुकडा. मनात भलतंसलतं येऊन पान उलटावं, तर मागे साधा गृहस्थ साधंच काही करतोय! डबा म्हणजे अशीच एक खिडकी, शे-दोनशे पानांतून आरपार गेलेली. मात्र जुना, धड ‘आवाज’ कापू नये. तो संग्राहकाला किंवा ग्रंथालयाला द्यावा. कसर लागलेला, पावसात भिजून सुकलेला, पानं गळालेला खंड यासाठी उत्तम.

वरची चार-पाच पानं सुटी ठेवून खाली दुधाची धुतलेली, कोरडी पिशवी घालायची. बाकीच्या पानांच्या तिन्ही कडांना पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल लावायचं आणि रात्रभर पाटा-वरवंट्याखाली, नसेल तर तांदळाच्या डब्याखाली, खंड दाबून ठेवायचा. मग चारी बाजूंनी इंचभर कड सोडून, स्टीलची पट्टी धरून कटरने कापायचं. एका दमात आठ-दहा पानं, जास्त नाही. पातं तिरकं धरलं, तर खड्डा तळाशी निमुळता होतो. शेवटी आतल्या भिंतींना पुन्हा गोंद. वर्तमानपत्री कागद तो चटकन पितो, गुळगुळीत आर्ट पेपर पीत नाही, तिथे हात पातळच हवा. आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये. बोरीवलीच्या दमट हवेत कागद फुगतो आणि वाळता वाळत नाही. कणकेची खळ स्वस्त, पण झुरळांना आमंत्रण. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात; तो विषारी, म्हणून घरी नकोच.

खरी गंमत कापून निघालेल्या चित्रांची. ती फेकू नका; ट्रेवर, कपाटाच्या दारावर, दिव्याच्या शेडवर चिकटवा, पण निवड करा. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचं पॉकेट कार्टून ओळीवर आणि त्या दिवसाच्या बातमीवर उभं असतं. ट्रेवर चिकटवलं, तर पाहुणा चहा घेता घेता वाकून वाचत बसेल आणि शेवटी विचारेल, ‘हे मंत्री कोण?’ शि. द. फडणीसांची चित्रं बहुधा शब्दांवाचून बोलतात. ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी बसस्टॉपवर उभी केलेली ती दोघं आठवा: एकाच्या कपड्यावर उंदीर, दुसऱ्याच्या कपड्यावर मांजरं. असं चित्र ट्रेवर जा, कपाटाच्या दारावर जा, कळतंच. माझ्या मते हाच एक निकष पुरे.

दिव्याच्या शेडला लावायचं तर कागद आधी उजेडासमोर धरून पाहा. मागच्या बाजूचं चित्र उमटतं, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या डोक्यातून कुणाची तरी सासू डोकावते. ते आवडलं, तर लावा. आत बल्ब मात्र एलईडीच. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.