झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स

इच्छापुरातल्या (जि. बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश) मित्राच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर धडधाकट आहे, फक्त जुना. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० त्यात नाही आणि विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. तेवढ्यासाठी चालू यंत्र भंगारात द्यायचं हे मला पटेना. ४ जीबी रॅमला झेपेल अशी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आम्ही उतरवून घेतली, फाइल अर्धवट आली नाही ना हे तपासलं आणि पेनड्राइव्हवर चढवली.

या कामातला सर्वांत मोलाचा टप्पा इथेच असतो. हार्ड डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर एकेक करून चालवून पाहिले. स्कॅनरवर दुकानाचं पोट आहे. तो चालला नसता तर पेनड्राइव्ह काढून गप्प बसायचं ठरलं होतं. तो चालला. मग सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केलं. ते चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि त्याच्या भागात लिनक्सला लिहिता येत नाही. जागा कापून मिंट शेजारी बसवायला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे! लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. एका आज्ञेने ते जुळलं.

खरा आनंद टायपिंगचा. इथून बुऱ्हाणपूरचे अर्ज हिंदीत जातात, महाराष्ट्रातल्या मुक्ताईनगरचे मराठीत. मराठीत बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या नावातच ‘ऱ्ह’ आहे, आणि साधा ‘र’ वापरला की त्याचा रफार होतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो. पुढे हलन्त आणि ‘ह’. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली की नोटो सॅन्स देवनागरीतले ‘ल’ आणि ‘श’ही आपल्या वळणाचे होतात. ‘वादळी वाऱ्याने केळीचे नुकसान’ अशी अर्जाची ओळ मित्राने टाइप केली आणि ती कागदावर जशीच्या तशी उतरली.

लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली पेजमेकरमध्ये, कृतीदेव फॉन्टमध्ये आहेत. त्यांच्यासाठी विंडोज ठेवलंय, मात्र त्याचं इंटरनेट कायमचं बंद करून. बाकी सगळं काम मिंटवर.