गावरान बियाणं : आधी घरात, मग परसात

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण घरोघरी हळदीकुंकवाला जातो, वाण लुटतो. आज आपण दुसऱ्या वाणाबद्दल बोलणार आहोत. वांग्याचं, मिरचीचं, दुधीचं जे गावरान वाण आपल्या आज्या-सासवांनी गाडग्यात राख घालून जपलं, त्याची रोपं घरात कशी करायची, हा आजचा विषय. उन्हाळ्याच्या परसबागेसाठी हीच वेळ आहे.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटात एक काकी आहेत. त्यांच्याकडे काटेरी वांग्याचं बी होतं, लग्नात माहेरहून पदराला बांधून आणलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला मूठभर बी दिलं. आम्ही उत्साहाच्या भरात ते सगळं पौषातच उघड्या वाफ्यात टाकलं. रात्रीची थंडी कडक होती. आठ दिवस झाले, काही उगवलं नाही. पाणी कमी पडलं असेल म्हणून आम्ही रोज पाणी घालत राहिलो. बरंचसं बी कुजलं, उरलेलं कोंबड्यांनी उकरलं. सात रोपं वर आली, त्यातली तीन जगली. काकी एवढंच म्हणाल्या, "अगं, सगळंच टाकलंत? घरात थोडं ठेवायचं असतं."

दुकानातलं बी वाया गेलं तर दुसरं पाकीट आणता येतं. गावरान बी वाया गेलं तर ते कुठे मागायचं? म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : हातात असलेल्या बियाण्यातलं निम्मंच पेरायचं. निम्मं कोरड्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवायचं.

आता थंडीचं कारण समजून घेऊ. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या बियांना रुजायला ऊब लागते. साधारण २५ ते ३० अंश तापमानात त्या चांगल्या रुजतात. रात्री पारा १० - १२ अंशांवर उतरला की बी ओल्या मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं. घरात मात्र ऊब असते, कोंबड्या-उंदरांपासून राखण होते आणि येता-जाता आपली नजर राहते.

पेरण्याआधी बी जिवंत आहे का ते पाहायचं. दहा बिया मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि फडकं प्लास्टिकच्या पिशवीत सैल ठेवा. पिशवी स्वयंपाकघरात उबेला ठेवा, पण चुलीला चिकटून नको. फडकं ओलसर राहू द्या, त्यातून पाणी ठिबकायला नको. टोमॅटोला आठवडाभरात मोड येतात, वांग्याला आठ-दहा दिवस लागतात, मिरचीला दोन आठवडेही लागतात. दहातल्या सात-आठ बियांना मोड आले तर बी चांगलं. तीन-चारच आले तर दुप्पट पेरा. मोड आलेल्या बिया टाकून देऊ नका. त्याच अलगद मातीत लावा.

माती अशी करायची : एक पाटी चाळलेली माती, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक पाटी वाळू. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, कोवळ्या मुळ्या जाळतं. भांडी विकत आणायची गरज नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, फुटके डबे चालतात. तळाला भोकं मात्र हवीतच.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जाऊ द्यायचं. वांगी-मिरचीचं बी बारीक असतं, त्यावर मातीचा पातळ थर पुरतो. दुधी, दोडका, काकडी यांचं बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल टोचायचं. दुधी-कारल्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की लवकर रुजतं. या वेलांच्या मुळ्यांना धक्का सहन होत नाही, म्हणून एका पिशवीत दोनच बिया लावा आणि लावणीच्या वेळी पिशवी कापून मातीच्या गड्ड्यासकट रोप लावा. गवार, भेंडी, चवळी यांना घरात रोपं करण्याचा खटाटोप नको. थंडी ओसरली की त्या थेट परसात टोकायच्या.

एका पिशवीत एकच वाण लावा. चिकटपट्टीवर वाणाचं नाव, कोणाच्या घरचं बी आणि पेरल्याची तारीख लिहा. रोपं लहानपणी सगळी सारखीच दिसतात. आम्ही एकदा टोमॅटो समजून वांग्याची रोपं वाटली आहेत!

पाणी हाताने शिंपडा किंवा बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून द्या. मातीत बोट घालून पाहा. वरची माती सुकली असेल तरच पाणी. जास्त पाण्यानं रोप मातीलगत काळं पडून कोलमडतं. तसं रोप दिसलं की मातीसकट काढून टाका, पाणी कमी करा आणि बाकीच्यांना वारा लागू द्या.

रुजेपर्यंत अंधार चालतो. पण पहिला कोंब वर दिसला की त्याच दिवशी पिशव्या उजेडाच्या खिडकीत किंवा पडवीत आणा. उजेड कमी पडला तर रोपं उंच, फिकट आणि लुळी होतात. ती उजेडाकडे झुकतात, म्हणून रोज पिशवी थोडी फिरवा.

घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात लावलं तर करपतं. लावणीच्या आठ दिवस आधीपासून त्याला बाहेरची सवय करा. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं जास्त. वेलांची रोपं दोन-तीन खरी पानं आली की, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत, लावायला येतात. टोमॅटोला चार आठवडे, वांगी-मिरचीला पाच-सहा आठवडे द्या. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले तीन-चार दिवस दुपारची सावली धरा. आत्ता बी लावलं तर गुढीपाडव्यापर्यंत वेल मांडवाला लागतील.

आता बियाण्याचं. संकरित भाजीचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं सरमिसळ निघतात. गावरान वाणाचं बी आईसारखंच निघतं, पण ते वेगळं राखलं तरच. टोमॅटो बहुधा स्वतःच फळतो. वांगी-मिरचीत मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. दुधीजवळ दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर तिथंही मिसळ होते. म्हणून एका परसात एका भाजीचं एकच वाण लावा. दुसरं वाण मैत्रिणीच्या परसात जाऊ दे. सगळ्यात निरोगी झाडाला रंगीत चिंधी बांधा आणि त्याची चांगली फळं खायला तोडू नका. बियाण्याचं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं.

कुणी विचारतं, असं बी वाटायला परवानगी लागते का? २००१ सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा दिली आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरचं बी जपत बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात त्यांनीही आपल्या परसातूनच केली.

आमच्या त्या तीन रोपांचं पुढे काय झालं? एकाही झाडाचं पहिलं वांगं आम्ही खाल्लं नाही. सगळं बियाण्याला ठेवलं. गेल्या वर्षी पडवीत पिशव्या मांडल्या, पंचवीस बिया लावल्या, एकोणीस रोपं जगली. आता ते वाण गटातल्या सहा घरांत आहे. एका घरचं गेलं तरी पाच घरी राहील. काकींच्या हातात भरलेली पुडी दिली तेव्हा त्यांनी ती उघडून आधी निम्मं बी बाजूला काढलं.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. घरातलं एक जुनं बी शोधा, दहा बिया ओल्या फडक्यात ठेवा आणि किती रुजल्या ते गटाच्या बैठकीत सांगा. पुढच्या संक्रांतीला आम्ही हळदीकुंकवाला बियाण्याच्या पुड्याच लुटणार आहोत. तुम्हीही आपल्या घरचं वाण घेऊन या.