स्वभावाचे इंग्रजी शब्द, जरा जपून

पैठणीच्या दुकानात, कॉलेजात, लग्नाच्या बायोडेटात स्वभाव सांगायला येवल्यातही आता इंग्रजी शब्द सर्रास वापरतात. त्यातले काही इकडे येताना अर्थ बदलून आले. 'सिन्सिअर' आपण नेमाने अभ्यास करणाऱ्या मुलाला म्हणतो. इंग्रजीत तो मनात एक, ओठांवर एक असं न करणारा माणूस. 'होमली' मुलगी आपल्याकडे घरात रमणारी, अमेरिकेत मात्र दिसायला बेताची.

पदरावरचे मोर-पोपट धागे मोजून विणणाऱ्या कारागिराला नुसतं 'हार्डवर्किंग' म्हणणं अपुरं आहे. त्याला शोभतो 'मेटिक्युलस', म्हणजे बारीकसारीक गोष्टीतही चूक न ठेवणारा.

सर्वांत मोठा घोटाळा 'इगो'चा. हक्कासाठी ताठ उभं राहणाऱ्यालाही हा शब्द चिकटवला जातो, आणि हा अन्याय आहे. त्या गुणाला 'सेल्फ-रिस्पेक्ट' म्हणतात. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली, ती याच स्वाभिमानातून. ते ठिकाण आज मुक्तिभूमी म्हणून ओळखलं जातं.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी असे शब्द आधी शब्दकोशात पाहावेत.