एमआरपी सरकार ठरवत नाही!

गणपतीची चवथ जवळ आली की मोठ्या दुकानांची कुपनं घरोघर पोचतात आणि तेच वाक्य पुन्हा कानावर येतं: "एमआरपीर चाळीस टक्के सूट आसा, म्हणजे तेवडे पैशे वाचले." नाही वाचले! दरवर्षी समजावूनही हा गैरसमज जात नाही, कारण त्याच्या मुळाशी दुसरा एक आहे: एमआरपी सरकार ठरवतं.

काही औषधांसारखे मोजके अपवाद सोडले, तर पाकिटावर कोणता आकडा छापायचा हे उत्पादक किंवा पॅकिंग करणाराच ठरवतो. सर्व करांसह किंमत छापणं 1990 मध्ये सक्तीचं झालं. आजचे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियमही त्याहून जास्त पैसे घेऊ देत नाहीत, पण तो आकडा रास्त आहे याची हमी ते देत नाहीत. आकडा आधीच फुगवलेला असेल, तर त्यावरची सूट मोजून हाती काय लागणार?

मोजायचा तो किलोचा भाव. समजा, नावाजलेल्या कंपनीच्या अर्धा किलो मिरचीपुडीवर 300 रुपये छापलेत. चाळीस टक्के सूट धरून ती 180 ला पडली, म्हणजे किलोला 360. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं अर्धा किलोचं पाकीट कुपनाशिवाय 165 ला आहे, म्हणजे किलोला 330. दुकानाचा ब्रँड स्वस्त ठरला. पण तेच 165 चं पाकीट 450 ग्रॅमचं निघालं, तर किलोचा भाव जवळपास 367 होतो आणि कूपन जिंकतं. म्हणून किमतीआधी वजन वाचा.

पाकिटावर हल्ली प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापतात. वरच्या 300 रुपयांच्या पाकिटावर तो 0.60 रुपये प्रतिग्रॅम दिसेल. हा दर एमआरपीवरून काढलेला असतो, त्यात कुपनाची सूट धरलेली नसते. तेवढा हिशेब आपणच करायचा.

आता बाकीचे गैरसमज.

दुकानाच्या ब्रँडचा माल हलका असतो: डी-मार्टचा 'प्रीमिया' असो की रिलायन्सचा 'गुड लाइफ', अन्नसुरक्षेचा कायदा सगळ्यांना एकच आणि 14 अंकी परवाना क्रमांकही सगळ्यांना सक्तीचा. जाहिरातीचा आणि मधल्या वितरकाचा खर्च वाचतो, म्हणून तो स्वस्त देता येतो. चव मात्र लहान पाकीट आणून पारखावी.

सुट्या तांदूळ-डाळीवरही जीएसटी लागतो: लागत नाही. 18 जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे तो 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर.

जास्त घेतलं की स्वस्तच पडतं: कोकणातल्या पावसात कुळथाच्या पिठाला जाळी धरली, की 'एकावर एक मोफत'मधलं दुसरं पाकीट फुकटच जातं.

छापील किंमत द्यावीच लागते: ती कमाल मर्यादा आहे, कमी भाव खुशाल मागा. कुणी जास्त घेतलेच, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि हिशेब मांडाल तेव्हा त्यात गावातल्या वाण्याचा सुटा भावही धरा. त्याच्याकडे कूपन नसतं, पण पाव किलो हवं तर तो पाव किलोच देतो. 'हजाराची खरेदी केली तरच सूट' ही अट तिथे नसते. त्या अटीपायी नको असलेलं सामान घरात येतं, आणि सुटीचे पैसे तिथेच संपतात.