लेडीज पाईप? भिंग आणा!

चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने बोटभर लांबीचा पाईप माझ्या तळहातावर ठेवला. "लेडीज पाईप है, मॅडम. अंग्रेज मेमसाब का." कशावरून, विचारलं तर म्हणाला, "साईज देखो ना!"

लेडीज घड्याळ, लेडीज छत्री, लेडीज सायकल, तसाच हा लेडीज पाईप. लहान दिसला की बाईचा. जुन्या पाईपांच्या बाजारात, मग तो मुंबईचा असो की लंडनचा, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी. ती बहुतेक वेळा चुकीची असते.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतांत नांगराला सतराव्या शतकातले मातीचे पाईप लागायचे. त्यांची तंबाखू भरायची वाटी इतकी इवलीशी की लोक त्यांना 'पऱ्यांचे पाईप' म्हणत. कारण मात्र अगदी व्यवहारी होतं. तेव्हा तंबाखू महाग होती, म्हणून वाटी लहान. पुढे तंबाखू स्वस्त झाली आणि वाटी फुगली. म्हणजे वाटीच्या आकारावरून काळ कळतो, ओढणाऱ्याचं लिंग नाही. आणखी एक गफलत नेहमी होते. मखमली अस्तराच्या डबीत ठेवलेली, नाजूक कोरीव नळी 'लेडीज पाईप' म्हणून विकली जाते. तिच्या टोकाला तंबाखूची वाटी नसून नुसतं गोल भोक असेल, तर तो पाईपच नव्हे. ती चिरूट खोचून ओढायची नळी, आणि ती पुरुषही सर्रास वापरत.

उलट ज्या बायका खरोखर पाईप ओढायच्या, त्यांना नाजूकपणाचं काही पडलेलं नव्हतं. लंडनची मेरी फ्रिथ ऊर्फ मॉल कटपर्स ही नामांकित पाकीटमार. तिच्यावरचं 'द रोअरिंग गर्ल' हे नाटक 1611 मध्ये छापलं गेलं, तेव्हा मुखपृष्ठावर ती पुरुषी कपड्यांत, तलवारीसह आणि पाईप ओढताना दाखवली होती. आयर्लंडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या 'डुडीन' नावाचा आखूड मातीचा पाईप ओढत, तोच जो त्यांचे नवरे ओढत. अमेरिकी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची पत्नी रेचेलही पाईप ओढायची. आणि मांचुरियात तर एक म्हणच आहे. तिकडच्या तीन अजब गोष्टी कोणत्या? खिडकीचा कागद बाहेरून चिकटवतात, तरण्या पोरी लांबलचक पाईप ओढतात आणि मूल टांगत्या पाळण्यात वाढवतात. तिसरीत अजब काय, हे आपल्याकडच्या आज्यांना कळणार नाही. दुसरीतही त्यांना फारसं वाटलं नसतं म्हणा. मशेरीची डबी कमरेला असायचीच.

बायकांचा म्हणून वेगळा घाट खरोखर दिसतो तो जपानमध्ये. तिथल्या 'किसेरू'ला दोन्ही टोकांना धातू आणि मध्ये बांबूची नळी. वाटी वाटाण्याएवढी, दोन-तीन झुरक्यांत खलास. चित्रकार उतामारोच्या चित्रांतल्या गणिका हातात धरतात ती किसेरू लांब आणि सडपातळ असते. म्हणजे बाईचा पाईप इथे आखूड नाही, उलट लांब!

आता वय. इथे मात्र मजा आहे, कारण वय लपवायला पाईपाला जमत नाही.

माझ्या तळहातावरच्या पाईपाला चांदीचं बारीक कडं होतं. दुकानदाराकडूनच भिंग घेतलं. काजळी अंगठ्याने पुसल्यावर तीन ठसे उमटले: चालता सिंह, नांगर आणि इंग्रजी छोटा 'जी'. सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी. हा नांगर शेतातला नाही, जहाजाचा, आणि तो बर्मिंगहॅमचा शिक्का. समुद्रापासून कोसभर नव्हे, चांगलं दूर असलेल्या या गावाला जहाजाचा नांगर कसा मिळाला? 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डला चांदी तपासून शिक्का मारायची परवानगी मिळाली. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनच्या 'क्राऊन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमत. म्हणे नाणं उडवून शेफील्डने मुकुट घेतला, बर्मिंगहॅमने नांगर. राहिला 'जी'. बर्मिंगहॅममध्ये दर वर्षी एक अक्षर, बहुधा 'जे' वगळून पंचवीस अक्षरं. मग अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलून पुन्हा 'ए'. हे वळण 1900 ला सुरू झालेल्या फेरीतलं. बोटांवर मोजलं: 1906. फक्त हे वर्ष कड्याचं बरं का. पाईप तडकल्यावर नंतर कडं चढवणारे कारागीरही होतेच.

कडं नसेल तर तोंडात धरायचा तुकडा बघायचा. काळा असून हिरवट-तपकिरी पडला असेल आणि चोळल्यावर गंधकाचा वास आला, तर ते व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. पिवळा, मधाळ असेल तर दुकानदार हमखास 'अंबर' म्हणणार. पण ते बेकलाइटही असू शकतं. बेकलाइट गरम पाण्यात धरून चोळलं की फिनाइलसारखा वास मारतं, आणि ते निघालं 1907 नंतर. तेव्हा मेमसाब व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असणं कठीण. लाकूड 'ब्रायर'चं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचं असेल, तर पाईप साधारण 1850 नंतरचा. फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावाने तो धंदा उभा केला. देशाचं नाव छापलेलं असेल तर बहुधा 1891 नंतरचा, कारण अमेरिकेत माल पाठवायचा तर नाव छापणं तेव्हापासून सक्तीचं झालं.

मातीच्या पाईपाची तर गंमतच. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने 1954 मध्ये दाखवून दिलं की जसजसा काळ गेला तसतशी नळी लांब आणि तिचं भोक बारीक होत गेलं. मापायला ड्रिलचे बिट पुरतात! भोक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजायचं. सात भाग आले तर साधारण 1650 ते 1680, पाच आले तर 1720 ते 1750. एका तुकड्यावर विसंबायचं नाही, ढीगभर हवेत.

म्हणजे वर्ष सांगायला सतरा खुणा आणि बाई ओळखायला एकही नाही? विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत गुलाबी-पांढरे, खडे जडवलेले पाईप खास बायकांसाठी म्हणून निघाले, ते ओळखायला भिंग लागत नाही. पण ज्या बाईचा पाईप अमेरिकेत खरा गाजला ती न्यू जर्सीची खासदार मिलिसेंट फेनविक. ती सिगारेट कमी करायची म्हणून पाईपाकडे वळली होती.

एकदा मात्र खात्रीने बाई सापडली. मेरीलँडमधल्या बेल्वॉर मळ्यावर, गुलामांच्या वस्तीच्या जागी, मातीच्या पाईपाची नळी मिळाली. भाजलेली माती सच्छिद्र असते, लाळ शोषते. त्या नळीतून डीएनए निघाला. 2019 मध्ये निष्कर्ष आला: ओढणारी स्त्री होती आणि तिचं नातं आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांशी जुळतं. पाईप साधाच होता. दुकानात असता तर त्याला कुणी लेडीज म्हटलं नसतं.

हे सगळं मी दुकानदाराला उत्साहाने सांगितलं. त्याने भिंग परत घेतलं, पाईप कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "करवा लो टेस्ट, मॅडम. पाईप का दो हजार. थूक का अलग से लगेगा."